रजा कुणाची — कामगाराची की मालकाची?

जयपूर शहर मागे टाकून आग्र्याचा हमरस्ता पूर्वेकडे निघतो, त्यावरच कानोता हे गाव लागते. ढूंढ नदीवरचे धरण, रस्त्याकाठची बाजारपेठ आणि एकोणिसाव्या शतकातील एक सरंजामी गढी, ही त्याची ओळख. या गढीचे ठाकूर अमरसिंह (१८७८–१९४२) यांनी १८९८ साली इंग्रजीत रोजनिशी लिहावयास घेतली आणि ती चव्वेचाळीस वर्षे, अखेरपर्यंत, चालविली. तिचे ८९ खंड झाले. अमेरिकन अभ्यासक सुझान व लॉइड रुडॉल्फ यांनी याच घराण्यातील मोहनसिंह कानोता यांच्यासह तिच्यातील निवडक भाग २००० साली प्रसिद्ध केला, तेव्हा एका संस्थानी सरदाराचे आयुष्य बाहेरच्या जगाला आतून पाहावयास मिळाले. पोलो, शिकार, लग्नकार्ये, घराण्यातील मानपान, वाचलेली पुस्तके, लष्करातील नोकरी, सारे तीत आहे. दस्तऐवज मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु रोज इतके लिहावयाला जी फुरसत लागते ती ठाकुरांना कुणी दिली, याचा जमाखर्च वेगळा मांडावा लागतो. ती दिली सारा भरणाऱ्या कुळांनी आणि बेगार करणाऱ्या माणसांनी. राजस्थानात जहागिऱ्या संपुष्टात आणणारा कायदा १९५२ साली झाला. तोपर्यंत फुरसत ही जमिनीबरोबर वारसाहक्काने मिळणारी चीज होती.

आज ती गढी हॉटेल आहे आणि फुरसत रोजाच्या भाड्याने मिळते. हिवाळ्यात आणि लग्नसराईत मुंबई-पुण्याचे, गुडगावचे, बंगळूरचे नोकरदार येथे आणि जयपूरच्या आसपासच्या अशाच जुन्या हवेल्यांत दोन-चार दिवस काढावयास येतात. हे लोक जहागीरदार नव्हेत. ते पगारदार आहेत आणि वर्षभर राबून साठविलेली रजा त्यांनी खर्ची घातलेली असते. तरीही अशा कोणत्याही हॉटेलच्या चौकात सकाळच्या वेळी जे दृश्य दिसते ते आता इतके सरावाचे झाले आहे की त्याचे कुणाला नवल वाटेनासे झाले आहे. मुले आमेरचा किल्ला पाहावयास गाडीत जाऊन बसलेली असतात. आणि त्यांचा बाप, पुष्कळदा त्यांची आईही, भिंतीच्या कोपऱ्यात जेथे फोनला रेंज मिळते तेथे उभे राहून कचेरीला उत्तरे देत असतात. ‘पाचच मिनिटे’ असे पलीकडून सांगितलेले असते. रजा मंजूर करताना साहेबाने एकच अट घातलेली असते, तीही हसत हसत: खुशाल जा, फक्त फोन चालू ठेवा.

या ‘फक्त’ शब्दातच सारी लबाडी भरलेली आहे. साहेबाचा हिशेब असा की, चार दिवसांत मिळून काम झाले फार तर तासभर. बाकी सगळा वेळ कर्मचाऱ्याचाच नव्हता काय? वरवर पाहता हिशेब बिनचूक वाटतो. परंतु ज्या माणसाला फोन केव्हा येईल हे ठाऊक नाही, त्याचा न आलेल्या फोनचा वेळही त्याच्या हाती राहात नाही. तो किल्ला चढतो तो खिशावर हात ठेवून. मुलीशी बोलतो ते अर्ध्या कानाने. रात्री निजण्यापूर्वी शेवटची नजर पडद्यावर टाकतो आणि त्या नजरेत जे दिसेल त्यावर त्याची झोप अवलंबून राहते. रखवालदाराच्या पाळीत चोर येवो न येवो, पाळी ही पाळीच असते आणि तिचा पगार द्यावा लागतो. रजेवरच्या या पहाऱ्याचा पगार मात्र कोणी देत नाही. उलट तो पहारा ‘रजा’ म्हणून कर्मचाऱ्याच्याच खात्यातून वजा होतो.

ही युक्ती नवी नाही. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर जे प्रदीर्घ प्रकरण लिहिले आहे, त्यात इंग्रज गिरणीमालकांच्या एका शोधाची हकीकत येते. १८४७ च्या कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली गेली. मालकांनी दहा तास मान्य केले आणि ते पहाटे साडेपाच ते रात्री साडेआठ अशा पंधरा तासांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरले. आता अर्धा तास काम, मग विश्रांती, मग तासभर काम, पुन्हा विश्रांती. कागदोपत्री कायदा पाळला गेला. प्रत्यक्षात पंधराही तास माणूस गिरणीच्या आसपास अडकून पडला, कारण मधल्या तुकड्यांत घरी जाऊन परत येणे शक्य नव्हते. विश्रांती म्हणून दिलेला वेळ सक्तीच्या रिकामपणाचा झाला. कानोत्याच्या चौकात फोन घेऊन उभ्या असलेल्या संगणक अभियंत्याला आपण लँकेशायरच्या सूतगिरणीतील पोरांचे नातेवाईक आहोत असे कोणी सांगितले तर तो हसेल. पण नाते आहे, आणि ते जवळचे आहे.

भारतातील कामगार कायदा करणाऱ्यांना ही खोड ठाऊक होती. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाच्या नऊ तासांची मर्यादा घालून ते थांबले नाहीत. पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुटकेपर्यंतचा पसारा, मधल्या विश्रांतीसह, साडेदहा तासांवर जाता कामा नये, असे वेगळे कलम त्यांनी घातले. किती वेळ राबविले, याच्याइतकेच किती वेळ अडकवून ठेवले यालाही महत्त्व आहे, ही त्या कलमातील समज होय. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे तास नवावरून बारावर आणि दुकाने-आस्थापनांतील नवावरून दहावर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा ही समज कोणत्या दिशेला चालली आहे ते दिसून आले.

मुंबईच्या कामगारांना विश्रांतीचा दिवस कोणी दान दिलेला नाही. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा त्यातील मागण्या आज किती साध्या वाटतात! सहा वर्षे झगडावे लागले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. फ्रान्समध्ये भरपगारी वार्षिक रजा १९३६ च्या जूनमध्ये कायद्यात आली, तीही देशभरच्या कारखान्यांत संपकरी कामगार ठाण मांडून बसल्यावरच.

या इतिहासातील एक बारकावा आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. शिमग्याला, गणपतीला किंवा मे महिन्यात गिरणी कामगार कोकणात किंवा घाटावर गावी जाई, तेव्हा त्याचा साचा बंद राहात नसे. त्यावर बदली कामगार उभा राही. बदलीवाल्याची स्थिती हलाखीची होती. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहून आज काम मिळते की नाही याची वाट पाहावयाची, आणि नाही मिळाले तर तसेच परतावयाचे. खरे म्हणजे ‘बोलावू तेव्हा हजर’ या नोकरीचा पहिला बळी तोच. त्याला कायम करा ही मागणी १९८२ च्या संपापर्यंत गाजत राहिली. परंतु गावी गेलेल्या विणकराला मात्र साच्याची चिंता करावी लागत नव्हती. त्याला बोलावण्याचे साधन एकच, तार. आणि तार आली की घरात आधी रडणे सुरू होई, कारण तार म्हणजे कुणाचे तरी बरेवाईट. सूत तुटले म्हणून राजापूरला तार करण्याची कल्पना कोणत्याही जॉबरला सुचली नसती.

आज तार नाही. २०१३ च्या जुलैत ती बंद झाली. परंतु रजा बिघडली ती तार गेली आणि मोबाइल आला म्हणून, असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. भारतातील पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला केला गेला, आणि तो करणारे होते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री कॉ. ज्योती बसू. यंत्राशी कामगार चळवळीचे वैर नाही. कोकणातून मुंबईला, मुंबईहून आखातात गेलेल्या माणसाला घरच्यांचा आवाज रोज ऐकू येतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. यंत्राने फक्त शक्यता निर्माण केली. बदली कामगाराचा पगार वाचविण्यासाठी त्या शक्यतेचा वापर करावयाचे मालकांनी ठरविले. दहा माणसांचे काम आठांकडून करून घ्यावयाचे असा ज्या कचेरीचा बेत आहे, तेथे रजेवर गेलेल्याची जागा भरण्यास माणूस उरत नाही. मग रजेवर गेलेल्यालाच त्याच्या स्वतःचा बदली कामगार करण्यात येते. हा एक माणूस कानोत्याला असतो आणि त्याचा बदली म्हणून तोच पुण्याला हजर असतो.

सरकारी नोकरांचे नियम या बाबतीत खासगी कचेऱ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक ठरतात, हे मौजेचे आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत रजेवरील कर्मचाऱ्याला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद आहे. परंतु परतणे सक्तीचे असेल तर ज्या दिवशी तो निघाला त्या दिवसापासून तो कामावर धरला जातो आणि त्याला प्रवासभत्ता मिळतो. म्हणजे बोलावण्याला किंमत आहे. किंमत असली की बोलावणारा दोनदा विचार करतो. फोनवरून, माणसाला जागचे न हलविता, जे बोलावणे होते त्याला किंमत नाही. म्हणून ते दिवसातून सात वेळा होते.

कानोत्याच्या गढीत जे घडते तेच मुंबई बंदरातून गोव्याकडे निघणाऱ्या सहलीच्या जहाजांवरही घडते, आणि तेथे विसंगती अधिक उघडी पडते. एके काळी किनारा दिसेनासा झाला की माणूस खरोखर जगाच्या हाकेपलीकडे जाई. आता उपग्रहाच्या आधाराने समुद्रातही इंटरनेट मिळते, आणि रजेवरचे नोकरदार ते विकत घेतात, म्हणजे कचेरीचे काम करण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजतात! त्याच जहाजावर खालच्या मजल्यांत गोव्याचे, कोकणचे खलाशी, स्वयंपाकी, खोल्या आवरणारे राबत असतात. त्यांच्यासाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आहे. भारताने तो २०१५ साली मान्य केला. २४ तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, ही त्यातील एक तरतूद. दुसरी अधिक लक्षणीय आहे: ‘बोलावल्यास हजर’ असलेल्या खलाशाची विश्रांती बोलावण्यामुळे मोडली, तर त्याला तेवढी भरपाईची विश्रांती दिली पाहिजे. कराराचा अंमल कसा होतो हे जहाजावर राबणाऱ्यांनाच विचारावे. पण तत्त्व तरी कागदावर आहे. वरच्या मजल्यावर आरामखुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या उतारूला तेही नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, तो तातडीच्या कामाचा. सगळे जग थांबवून कसे चालेल? फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १७ फेब्रुवारी २००४ रोजी दिलेल्या निकालातील फिर्यादी रुग्णवाहिकेचा चालक होता. कामाच्या वेळेबाहेर त्याने स्वतःच्या मोबाइलवर मालकाचे फोन घेतले नाहीत म्हणून त्याला काढून टाकले होते. रुग्णवाहिकेपेक्षा अधिक तातडीचे काम कोणते? तरीही न्यायालयाने सांगितले की, कामाच्या वेळेबाहेर वैयक्तिक फोनवर न सापडणे हा गैरवर्तनाचा गुन्हा होऊ शकत नाही. रुग्णाला गाडी मिळालीच पाहिजे. म्हणून तर पाळी लावावयाची, दुसरा चालक ठेवावयाचा. तातडी जेवढी मोठी, तेवढा बदली माणसाचा आग्रह मोठा, असे हे गणित आहे. आणि ज्या कचेऱ्या तातडीचे नाव घेतात त्यांतील बहुतेक तातडी म्हणजे कुणा वरिष्ठाला आठवलेला तक्ता, यापलीकडे काही नसते.

दुसरा आक्षेप: फोन घेण्याची जबरदस्ती कुणी केली? लेखी हुकूम कोठे आहे? नाहीच. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘संघभावना कमी’ एवढा शेरा पुरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले; जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे बोलणे बाहेर आले आणि रविवारीही काम करून घेता येत नाही याची खंत त्यात होती. लोखंड्यांनी मिळविलेल्या रविवारावर त्याच मुंबईतील मोठ्या उद्योगाचा प्रमुख १३५ वर्षांनी हळहळतो, तेव्हा त्याच्या हाताखालच्या माणसाने फोन ‘स्वेच्छेने’ घेतला असे कसे म्हणावे? पुण्यात २०२४ साली एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. रात्री-अपरात्री आणि सुटीच्या दिवशीही काम अंगावर येत होते, ही त्यातील तक्रार लक्षावधी घरांना स्वतःची वाटली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रजा म्हटली की सहल डोळ्यांपुढे येते. परंतु बहुसंख्यांची रजा सहलीसाठी नसतेच. ती मुलाच्या तापासाठी, आईच्या शस्त्रक्रियेसाठी, घरातल्या तेराव्यासाठी खर्च होते, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीची तर जवळजवळ सगळीच. कानोत्याच्या चौकात वाजणारा फोन थट्टेचा विषय होऊ शकेल. रुग्णालयाच्या व्हरांड्यात वाजणारा फोन होत नाही.

कायदे करता येतात हे जगाने दाखविले आहे. मात्र त्यांचा दर्जा सारखा नाही. फ्रान्सचा २०१६ चा कायदा, जो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला, पन्नास व अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत या विषयावर वाटाघाटी करण्यास सांगतो. वाटाघाटी फसल्या तर मालकाने आपली सनद काढावी, एवढेच. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्याला उत्तर नाकारण्याचा हक्क आहे, पण नकार ‘गैरवाजवी’ नसावा अशी मेख आहे. पोर्तुगालने २०२१ साली योग्य दिशा पकडली. तेथे कर्मचाऱ्याला न उचलण्याचा हक्क देण्याऐवजी मालकावर फोन न करण्याचे बंधन घातले. फरक शाब्दिक नाही. हक्क वापरावयाला धैर्य लागते आणि ते एकेकट्याने दाखवावे लागते. बंधन मोडल्याचा जाब मालकाला द्यावा लागतो.

आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या विषयावरचे विधेयक लोकसभेत प्रथम डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. प्रश्न संसदेच्या पटलावर आणल्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु ते खासगी विधेयक आहे, आणि १९७० नंतर संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. सरकारने स्वतः काय केले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू केल्या. भरपगारी रजेस पात्र होण्यासाठी पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, ते १८० झाले. एवढी सुधारणा मान्य करावयास हरकत नाही. मात्र व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८ हजारांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक, हे ‘कामगार’ या व्याख्येबाहेरच ठेवले आहेत. आजच्या कचेऱ्यांत चार वर्षे नोकरी झालेल्या प्रत्येकाच्या हुद्द्याला ‘मॅनेजर’ जोडण्याची रीत आहे, ती उगाच नव्हे. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही असा हा मॅनेजर रजेच्या संरक्षणाबाहेर सहज ढकलता येतो.

कर्नाटकातील माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मार्च २०२५ मध्ये बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये निदर्शने करून कामाच्या तासांवर कडक मर्यादा आणि कामानंतर संपर्क तोडण्याचा हक्क मागितला. ज्यांना आपण कामगार आहोत हेच मान्य नव्हते, त्या थरातून हा आवाज उठला आहे. तो तेवढ्याच थरात राहिला तर मात्र खुंटेल. हॉटेलात उतरलेल्या त्या अभियंत्याला चहा आणून देणारा मुलगा, लग्नाच्या मांडवात रात्रभर खुर्च्या उचलणारा, ठेकेदाराच्या फोनवर शेजारच्या गावातून धावत येणारा हंगामी वाढपी यांना रजाच नाही. त्यांना आहे ते फक्त बोलावणे. देशभरच्या हॉटेल उद्योगात ठेक्यावरच्या माणसाची हीच अवस्था आहे. एकाला रजेत फोन आणि दुसऱ्याला फोनवर हजेरी: दोघांच्या वेळेवर मालकी कुणाची, हा प्रश्न एकच आहे. साठवलेल्या रजेवर आलेल्याला तो चार दिवसांत कळला नाही, तर वाढप्याला तो कळविण्याची जबाबदारी संघटनांवर येते, आणि उलटही.

मागणी नेमकी काय करावयाची? जुन्या कचेऱ्यांतील रजेच्या छापील अर्जात ‘रजेच्या काळातील पत्ता’ असा एक रकाना असे, आणि आजही अनेक ठिकाणी आहे. त्याच्या जोडीला आता फोन नंबर मागतात. हा रकाना कर्मचारी भरतो. त्याच्या खाली आणखी एक रकाना असावा, आणि तो रजा मंजूर करणाऱ्याने सही करण्यापूर्वी भरावा: या काळात काम पाहणाऱ्या बदली कर्मचाऱ्याचे नाव. तो कोरा असेल तर मंजुरी अपुरी समजावी. आणि ते नाव असतानाही रजेवरच्या माणसाला बोलावले गेले, तर तो दिवस कामाचा धरून रजा परत खात्यात जमा करावी, पगार दुप्पट द्यावा. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत आजवर हा रकाना आलेला नाही.